कोशाच्या साडीवरची पावडर
आज मुलाखतीला निघालेल्या लेकीने पावडरचा डबा उघडला आणि त्या वासाने मला तिच्या वयातली मी आठवले. अशीच पावडर मानेला चोपडून मी भंडाऱ्यात साडीच्या दुकानात नोकरी मागायला गेले होते. काम बघायचं म्हणून मालकाने गर्द हिरवी कोशाची रेशमी साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि आलेल्या बाईंना दाखवायला सांगितलं. मानेवरून घाम ओघळत होता, तरी मी पदर नीट फिरवून दाखवला. “हीच द्या, पोरीवर काय खुलून राहिली!” असं म्हणून बाईंनी ती घेतलीसुद्धा. घडी घालताना मालकाने साडीवर उतरलेली माझी पावडर झटकली आणि बाई गेल्यावर म्हणाला, “बोलते चांगली तू, पण काउंटरवर उजळ पोरगी लागते. मागं गोदामात घड्या घालशील काय?” “आत्ताच तर विकली ना मी?” “मले काही नाही वो, गिऱ्हाईकाले नाही आवडत.” पुढे एका वकील मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, सरकारी नोकरी असती तर भांडलो असतो, खासगी दुकानाला रंगावरून कोणतं कलम लावू? “आई, आणखी लावू काय?” लेक आरशातून विचारत होती, आणि मी डबा बंद करायला त्याचं झाकण शोधत होते.