सातवा पोपट

मला स्वस्थ बसता येत नाही. बँकेत रांगेत उभी असले तरी मी फरशीच्या चौकटी मोजते, आणि एखादी फुटकी दिसली की नजर तिथंच अडकते. हा रोग मला मॅटीच्या कापडानं लावला. मॅटीवर फुलीचा टाका घालायचा म्हणजे भोकं मोजायची. एक भोक चुकलं की पुढचं सगळं सरकतं, आणि ते कळतं चार ओळी पुढे गेल्यावर. मग उसवा. आमच्याकडे उसवण्याचं कुणाला वाईट वाटत नसे. आई वीतभर काम बोलता बोलता उसवून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

वारूळवाडीच्या आमच्या घरात हे वेड सगळ्यांनाच होतं. वडील गणिताच्या वहीत चौकटी रंगवून नमुने काढायचे, आई ते कापडावर उतरवायची आणि मी तिच्यासमोर बसून शिकायची. भाऊसुद्धा सुटला नाही. कांजिण्यांनी पंधरा दिवस घरात अडकला तेव्हा त्यानं गुलाबाची अख्खी उशी भरली. आज त्याचा टोमॅटोचा मोठा प्लॉट आहे आणि उशीचा विषय निघाला की त्याला मार्केटला जायचं आठवतं. मी डावखुरी. समोर बसून शिकल्यामुळे माझं सगळं आईच्या उलट झालं. तिच्या फुलीचा वरचा दोरा उजवीकडे झुकतो, माझा डावीकडे. बघणाऱ्याला कळत नाही, आम्हाला कळतं.

घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की आई तिच्या दारासाठी तोरण भरायची. सात पोपट, मध्ये आंबे, नमुना वडिलांच्या वहीतला. माझं तोरण मंचरला माझ्या दारावर अजून आहे, फक्त पोपट आता हिरवे राहिलेले नाहीत. गेल्या वर्षी भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं आणि आईनं कापड काढलं. तीन पोपट झाले असतील, तेवढ्यात तिचे डोळे गेले. एकदम नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही.

मी म्हटलं, "आई, राहिलेलं मी करते."

"मधलं न्हाई दिसत तर कडंनं बघीन," ती म्हणाली. "पोरीच्या दारावर माज्या हातचंच जाईल. तू आपली सुया ओवून दे."

तर मी दर रविवारी मंचरहून एसटीनं जायची आणि बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. हिरव्या डावीकडे, लाल उजवीकडे, म्हणजे तिला हातानं सापडाव्यात. ती आठवडाभर बोटानं भोकं चाचपत टाके घालायची. पुढच्या रविवारी मी कापड उलगडून बघायची. चौथ्या पोपटाची चोच मानेतून निघाली होती. एकेका भोकात दोन दोन फुल्या होत्या, तर कुठे तीन भोकं मोकळीच.

आई दुपारी तासभर पडायची. त्या तासात मी ओसरीत बसून चौथा पोपट उसवला आणि नव्यानं भरला. मुद्दाम आईसारखा, वरचा दोरा उजवीकडे झुकवून. उलट्या हातानं लिहावं तसं ते काम होतं, पण जमलं. एका तासात कुठला होतोय पोपट, त्याला तीन रविवार लागले. आईनं विचारलं, "नीट येतंय ना गं?" मी म्हटलं, "एकदम." मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट एसटीत बसल्यावर मला पहिल्यांदाच जरा शांत वाटलं. उसवलेले दोरे घरात टाकले असते तर झाडताना वहिनीला दिसले असते, म्हणून मी ते पर्समध्ये भरून आणायची आणि मंचरच्या स्टँडवरच्या डब्यात टाकायची.

पाचवाही तसाच केला. सहाव्याला मात्र घाई झाली. उसात बिबट्या दिसल्यापासून भाऊ मला दिवस मावळायच्या आत गाडीत बसवायचा, आणि त्या दिवशी तो लवकरच आवाज देऊ लागला. शेपटीच्या चार ओळी राहिल्या होत्या. हात आपल्या सवयीनं चालला आणि मी कापड घडी घालून ठेवलं.

पुढच्या रविवारी मी पायरीवर चप्पल काढतेय तोच आई म्हणाली, "सहाव्याचं शेपूट कुणी भरलं?"

"तूच की," मी म्हटलं.

तिनं माझं बोट धरलं आणि शेपटीवरून फिरवलं. "हे डावीकडं पडतंय."

वहिनी पाणी घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तशीच आत गेली.

"आनि पाचवा?" आईनं विचारलं. "चौथा?"

"मीच केले. चुकलं होतं गं, आई. लई चुकलं होतं."

"चुकलं व्हतं तर सांगायचं. मी उसवलं आसतं." मग ती म्हणाली, "माजं कुटं गेलं मग?"

मंचरच्या स्टँडवरच्या डब्यात, असं कसं सांगायचं? डोळे गेल्यावर आईनं बोटानं चाचपत घातलेले टाके मी नीटनेटकेपणाच्या हौसेपायी फेकून दिले होते, आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं. घरी येऊन पर्स उलटी केली. चेनच्या कप्प्यात लाल दोऱ्याचे दोन तुकडे मिळाले, बोटाएवढे. पुढच्या रविवारी ते मी तिच्या हातावर ठेवले.

"हे काय करू आता?" ती म्हणाली आणि माझ्याच हातात परत दिले.

तिनं कापड बाजूला ठेवलं. मी सुया ओवून ठेवायची, त्या पुढच्या रविवारी तशाच असायच्या. लग्न जवळ आलं. भाची म्हणाली, "आत्या, एकच पोपट राहिलाय, तू करून टाक ना. आजीला कोण सांगतंय?" मी तिच्यावर नको तितकी खेकसले. ते दिवस मला फार जड गेले. स्वयंपाक करताना मी डाळ दोनदा धुवायची, रात्री अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत पडून राहायची. एकदा ओझरला गणपतीसमोर हात जोडले आणि लक्षात आलं, मी मखराची नक्षी मोजतेय.

लग्नाला दोन आठवडे उरले असताना मी गेले, तर उशीवरच्या चार हिरव्या सुया रिकाम्या होत्या. मी कापड बघायला मागितलं नाही. पुन्हा सुया ओवल्या आणि दुपारभर हात मांडीखाली दाबून बसले. आई पडली होती, कापड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि माझी छोटी कात्री पर्समध्ये होती.

रुखवत कार्यालयाच्या कोपऱ्यात मांडलं. लाडू-चकल्यांच्या ताटांमागे पडद्याला तोरण टाचलं. सहा पोपट ओळीत, आणि सातवा असा, की त्याचा डोळा डोक्याच्या बाहेर, चोच नाहीच आणि शेपूट थेट आंब्यात गेलेलं. बायका येत, बघत, पुढे जात. भावानं तोरण बघितलं, सातव्यापाशी थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे तसंच." मी म्हटलं, "राहू देणारच आहे."

आईला मी शेजारी खुर्ची दिली होती. मुलाकडची एक मावशी तोरणाजवळ वाकली आणि तिनं विचारलं, "लई छान हाय हो. पन ह्यो एक आसा कसा?"

आईनं हात लांब करून तोरणाची कड धरली. बोट टोकापर्यंत नेलं, सातव्यावर थांबवलं.

"त्यो तेवढा माजा," ती म्हणाली. "बाकीचं लेकीनं केल्यात."

मावशी हसून पुढे गेली. मी आईजवळ खाली बसले. "आई, पहिले तीन तुझे आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही. खरंच."

तिनं पहिल्या पोपटावर बोट फिरवलं, मग पाचव्यावर. माझा पाचवा मी इतका तिच्यासारखा केला होता की बोटाला फरक लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आसतील," ती म्हणाली.