कोचीला नेलेला डबा

कोचीला जाताना माझ्या पिशवीत स्टीलचा एक डबा होता आणि त्यात माझ्या नवऱ्याच्या अस्थी होत्या. आम्ही बौद्ध. आमच्या घरात अस्थी तीर्थाला नेत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. सासऱ्यांच्या अस्थी गावी, पोशीर नदीकाठच्या शेताजवळ आंब्याखाली आहेत. यांच्या अस्थी मात्र कोचीच्या समुद्रात सोडणार, असं मी जलदानविधीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कोणी वाद घातला नाही. धाकटी नणंद एवढंच म्हणाली, "तुझा नवरा हाय, तुझी मर्जी. पण मी येणार."

माझं कारण मला पक्कं वाटत होतं. ते खोपोलीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात होते, मध्ये एक भिंत. दरवर्षी हिवाळ्यात एकदा ते भारताची सागरी वाट शोधणाऱ्या पोर्तुगीज दर्यावर्द्याचा प्रवास शिकवायला नकाशावर लिस्बनला छडी टेकवत आणि आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून सावकाश मलबारच्या किनाऱ्यावर आणत. वाटेतली बंदरं मुलांनी मोठ्यानं म्हणायची. निवृत्तीनंतर आधी कोची बघायची, असं आमचं ठरलं होतं. निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात ते गेले.

पनवेलहून गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कोचीत उतरलो. मी पुस्तकांतून टिपणं काढून नेली होती. नणंदेला त्यांची गरज पडली नाही. किनाऱ्यावरची अवजड चिनी जाळी तिनं बराच वेळ पाहिली. लांब लाकडांना बांधलेली जाळी, मागे दोरांना लटकवलेले मोठे धोंडे, आणि ते ओढायला पाच-सहा माणसं. जाळं वर आलं तेव्हा आत ओंजळभर मासे होते.

"एवढे मासे आमच्या नदीवर एकटा माणूस पागीर जाळं फेकून काढून मोकळा होतो," ती म्हणाली. "हे फोटोसाठीच ठेवलंय, वैनी."

मसाल्याच्या वखारींच्या गल्लीत तिनं मिरीचा दाणा चावून पाहिला.

"ह्याच्यासाठी आला तो दादाचा दर्यावर्दी इतक्या लांब?"

"ह्याच्यासाठीच."

"घरी सांगून निघालेला का तसाच?"

"राजानंच धाडलं होतं."

"राजाला काय, जेवाय बसायचं. ह्याच्या बायकोला इचारलं कोणी?"

मी हसले. हे गेल्यापासून मी कोणाच्या बोलण्याला अशी हसले नव्हते, आणि तिनंही ते पाहिलं.

त्या दर्यावर्द्याची कबर जुन्या चर्चमध्ये आहे. जमिनीत बसवलेला दगड, भोवती कठडा. वर कापडी पंखे टांगलेले, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर गेलेल्या. नणंदेनं चपला बाहेर काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. मग मी तिला टिपणातलं वाचून दाखवलं. तो इथंच वारला, इथंच पुरला, पण काही वर्षांनी त्याच्या मुलानं सगळं उकरून गलबतातून पोर्तुगालला नेलं. आत आता काही नाही.

तिनं जोडलेले हात सोडले.

"मंग मगाधरनं कुणाला बघतोय आपण?"

"जागा बघतोय."

"जागा," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन चपला घालू लागली.

ती माहिती मी घरी दोनदा वाचलेली होती. टिपणात उतरवलीही होती. त्या दगडाजवळ उभी असताना मात्र त्या माहितीपुढचा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. मी यांना इथे सोडून गेले, तर परत न्यायला कोण येणार? यांना कोची बघायची होती. कोचीत राहायचं, असं ते कधी म्हणाले नव्हते. ते मी माझ्या मनानं जोडलं होतं.

दुपारी आम्ही समुद्राकडे गेलो. खडकांवर पाणी आपटत होतं. मी डबा काढला, झाकण उघडलं नाही. नणंद शेजारी बसली. ती अडवायला आली आहे की सोबतीला, हे मला तोवर कळलं नव्हतं, म्हणून मी सरळ विचारलं.

"वन्सं, तुमच्या मनात काय आहे?"

"माझं काय. खड्डा काढून ठेवलाय."

"कुठे?"

"बांधावर नाय. सावलीत भात पोसत नाय, दादालाच शिव्या बसतील. खळ्याच्या कोपऱ्याला काढलाय."

"कधी काढलात?"

"तू तिकिटं काढलीस त्या दिवशी."

"आणि मी इथे सोडल्या असत्या तर?"

"तर झाड लावलं असतं नुस्तं. खड्डा काय वाया जातो?"

ती हे समुद्राकडे बघत, अगदी सहज बोलली. मी डबा ओढणीत गुंडाळला आणि पिशवीत तळाशी ठेवला. यांना कोची दाखवायची होती, ती दाखवून झाली होती. सासऱ्यांच्या आंब्यापासून खळं हाकेच्या अंतरावर आहे.

"फणस लावू," मी म्हटलं.

"फणसाला वर्षं लागतात गं. तवर आपण दोघी असू का?"

"खाणारे असतील."

तिला ते पटलं नाही. तिच्या मते जांभूळ बरं, पोरं चढतात. परतीच्या गाडीत रत्नागिरी मागे पडेपर्यंत आम्ही त्यावर वाद घातला, आणि शेवटी फणसच लावला.