डागाला डाग

"शी! हे काय लागलंय याला?"

गिऱ्हाईक बाईंनी ठुशी दोन बोटांत धरली होती, मेलेलं झुरळ धरावं तशी. मण्यांच्या खाचांत माझ्या गळ्यावरचं फाउंडेशन बसलं होतं.

लक्ष्मी रोडवरच्या एका सराफी दुकानात मी चांदीच्या काउंटरला होते. गळ्यात दागिने घालून दाखवणारी मुलगी त्या दिवशी रजेवर होती, म्हणून मला सोन्याकडे उभं केलं. ठुशी गळ्याला घट्ट बसते. घासली आणि माझा रंग तिला लागला.

लहानपणी आईच्या वड्याच्या गाडीवरची कढई माझ्यावर कलंडली होती. डावा गाल, गळा, दंड. तिथली कातडी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. नोकरीला घेताना मालकीणबाईंनी, दुकानात सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, एकच अट घातली होती. "हे झाकून येणार असशील तर उद्यापासून ये. गिऱ्हाईक सोनं बघायला येतं."

झाकून येत होते. विश्रांतवाडीहून बसने येईपर्यंत निम्मं घामात जायचं. मग दुकानाच्या बाथरूममध्ये दुसरा थर. खाली कातडी नुसती खाजायची. खाजवायची सोय नाही, रंग जातो. आणि वर मीच सगळ्यांना सांगायचे, वहिनींनी मला समजून घेतलं म्हणून.

सराफांच्या भाषेत दागिन्यालाही डाग म्हणतात. वहिनींना कोटी सुचली. पुण्यात सुचलेली कोटी पोटात राहत नाही.

"काही नाही हो," त्या बाईंना म्हणाल्या, "डागाला डाग लागलाय."

बाई हसल्या. शेजारची त्यांची लेक हसली, नवरी तीच. काउंटरमागचे आमचे लोकही हसले. मग बाई एकदम गंभीर झाल्या. "पण अहो, स्किनचं काही नाही ना? लग्नात घालायचीये हिला."

वहिनींनी काच पुसायचं ओलं फडकं घेतलं. माझी हनुवटी वर केली. आणि गळा पुसला. काच पुसतात तसाच, वरून खाली.

"बघा. भाजलेलं आहे. दुसऱ्याला होत नाही."

दोघी वाकून बघत होत्या. हॉलमार्क बघतात तशा.

झाक म्हटलं की झाकायचं. दाखव म्हटलं की दाखवायचं. माझी कातडी होती की दुकानाचं शटर?

किळस आली मला. त्या फडक्याच्या वासाची. त्या हसण्याची. तोंडावर उरलेल्या रंगाची तर सगळ्यात जास्त. भाजलेल्या कातडीची मात्र आली नाही, हे तिथेच उभ्याउभ्या लक्षात आलं.

मायलेकी दुसरी ठुशी घेऊन गेल्या. वहिनींनी माझ्या हातात फाउंडेशनची ट्यूब दिली. "जा, नीट लावून ये. संध्याकाळची गर्दी होईल आता."

गेले. ट्यूब बेसिनवर ठेवली आणि हात धुवायच्या साबणाने सगळं धुतलं. गाल, गळा, दंड. पाणी आधी गढूळ गेलं, मग स्वच्छ. बाहेर आले. काउंटरवर पडलेली तीच ठुशी उचलून गळ्यात बांधली आणि उभी राहिले.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"डाग आहे, वहिनी."

"कोणता?"

"दोन्ही."

आता कोणी हसलं नाही. "घरी जा," त्या म्हणाल्या. "लावून येणार असशील तरच उद्या ये."

घरी आई म्हणाली, "थोडं लावलं तर काय बिघडतं गं, बाळा?" तिचा जीव अजून त्या कढईत अडकलाय.

दुसऱ्या दिवशी गेले. तशीच. वहिनींनी दारातच अडवलं.

"कारण सांगा," मी म्हटलं.

"तुला माहितीये."

"तुमच्या तोंडून सांगा."

नाही सांगितलं. आत गिऱ्हाईक होतं.

आता दुसरीकडे काम विचारत फिरतेय. नुसतं तोंड धुऊन जाते. गाल झाकणार नाही. आणि कुणाची खात्री पटावी म्हणून गळा पुढेही करणार नाही. पुन्हा फडकं घेऊन हात आला, तर तो मनगटात धरीन.