लूमच्या घरातला आवाज

काल दुपारी लाईट गेली आणि गल्लीतले कापड विणायचे सगळे लूम एकदम थांबले. अशी शांतता पडली की मला सहावीचा तो वर्ग आठवला.

नवी हिंदी शाळा, पहिला दिवस. फ्रॉकला सुताच्या खळीचा आंबूस वास. आमच्या घरात लूम दिवसभर खडखडायचे, जेवायला बोलवायचं तरी आई ओरडायची. इथं मात्र इतकं चिडीचूप, की माझी धडधड बाकावरच्या शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. मॅडमनी नाव विचारलं. आवाज निघाला तो घरचाच.

"सुनंदा!"

वर्ग खो खो हसला. मॅडम म्हणाल्या, "यहाँ कोई बहरा है क्या? धीरे बोलो."

डोळे भरून आले. पण हा तर आईचाच आवाज, त्याला हसतात म्हणजे काय?

"घर में लूम है, मॅडम. हम ऐसेच बोलते," मी म्हणाले आणि नाव पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. हसणं थांबलं.

लाईट आली, लूम सुरू झाले, तेवढ्यात इंदूरहून लेकीचा फोन. "आई, हळू बोल ना! ऑफिसात सगळ्यांना ऐकू जातंय."

"जाऊ दे," मी म्हटलं. "माझं नावही सांग त्यांना."