घरचीच हाय, थांबंल

कळा सुरू होऊन सकाळ उलटली होती. मी दवाखान्याच्या बोळीतल्या बाकड्यावर बसले होते. माझ्यानंतर आलेल्या चार बाया आत गेल्या. पाचवी आली, तिच्यासंगं जीप भरून माणसं. तिलाही आत घेतलं. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडं बघून मायला म्हणाल्या, "रंजना, तुझीच पोरगी ना ही? घरचीच आहे. थांबेल."

मायच्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. ती म्हणाली, "व्हय मॅडम, घरचीच हाय. थांबंल की."

मी थांबले.

माझी माय त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं होती. बाप मी चौथीत असताना गेला, तेव्हापासून. तालुक्याच्या गावात बाळंतपणाचा तेवढाच एक खाजगी दवाखाना. माय फरशी पुसायची, चादरी धुवायची, बाळंतिणीची वार बादलीत घेऊन मागच्या पडीक जागेत पुरायची. हे शेवटचं काम आमच्या वस्तीतल्या बाईनंच करायचं असं कुणी बोललं नव्हतं. पण ठरलेलं होतं. त्या पगारावर दोन वेळची भाकर आणि माझं शिक्षण. परभणीच्या कॉलेजात एसटीनं जाऊन-येऊन मी बी.ए. झाले. आमच्या खानदानात पहिली.

लग्न मानवतला झालं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि माहेर म्हणजे मायचा दवाखाना. माय वस्तीत सांगत फिरायची, मॅडम माझ्या पोरीचं फुकट करणार हायत.

दुपार कलल्यावर मला आत नेलं. तोवर बाळाचे ठोके लागत नव्हते. मुलगा होता. रडला नाही. मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "होतं असं पहिलटकरणीचं. तुम्हा लोकांत सोसायची ताकद असते."

मायची ड्यूटी संपली नव्हती. माझं रक्त फरशीवरून मायनंच पुसलं. शेजारच्या खोलीत जीपवाल्यांना मुलगा झाला होता. त्यांनी मायला साडी दिली. मायनं ती हसून घेतली. दार उघडं होतं, मी बघितलं. ते हसू अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

आणि मी? पदवीधर बाई. तोंडात मिठाची गुळणी धरून पडून राहिले.

दोन वर्षांनी परत दिवस गेले. दुसरं बाळंतपण कुठंही करायची मोकळीक होती. पण मायनं मॅडमला आधीच शब्द देऊन ठेवला होता. मी नाही म्हणाले असते तर मायच्या नोकरीवर आलं असतं. म्हणून गेले. दर महिन्याला मानवतहून यायचं, मागच्या दारानं आत शिरायचं, सगळ्यांच्या शेवटी तपासून घ्यायचं. सातव्या महिन्यात पाय सुजले. डोकं लय ठणकायचं. सिस्टरनं बीपी घेतलं, फायलीत लिहिलं, फाईल मिटली. समोरून उलटा दिसणारा आकडा मी वाचला होता. दीडशे-शंभर. मॅडमला विचारलं, हे जास्त आहे ना?

"वाचता येतं म्हणून डॉक्टर झालीस का गं?"

बाहेरच्या बाया हसल्या. माझी मायही हसली, मॅडम हसल्या म्हणून.

त्याच दिवशी मी ठरवलं. परभणीच्या सरकारी दवाखान्यात जायचं. पण तिथं जुने कागद लागणार. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं मॅडमच्या फायलीत. फाईल मागितली तर म्हणाल्या, ती दवाखान्याची असते. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून नेला. माझ्या तपासणीच्या कागदांच्या प्रती मिळाव्यात. साधा, तीन ओळींचा.

मॅडमनं वाचला. फाडला. तुकडे खाली टाकले. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आईनं इथं पोट भरलं म्हणून तू अर्ज लिहायला शिकलीस. रंजना, उचल ते."

माय वाकली. मी तिचा दंड धरला. उचलू नको म्हणाले.

"सोड मला," माय म्हणाली. "माझं कामच हाय ते."

तिनं एकेक तुकडा उचलला. तिला वाचता येत नाही. माझं नाव लिहिलेला तुकडा तिनं बाकीच्यांसारखाच पदरात टाकला.

माझ्या आत काय झालं ते मला धड सांगता येत नाही. मी खुर्ची ओढली, बसले, पिशवीतून दुसरा कागद काढला. अक्षर वाकडं आलं. तोच अर्ज परत लिहिला, टेबलावर ठेवला.

"फाडायचा तर फाडा. मी परत लिहीन. कागद आणि पोच घेतल्याबिगर उठणार न्हाई."

दार उघडंच होतं. बोळीत आपल्या पोरीसंगं आलेली एक म्हातारी, जिला मी ओळखतही नव्हते, बसल्या जागेवरून बोलली, "दे की बाई तिचे कागदं. तिचेच हायत ना."

तासाभरानं झेरॉक्स मिळाल्या. शिक्का मारून पोचही मिळाली.

दुसऱ्या दिवशी मायला कामावरून काढलं. "एकोणीस वर्सांत मला कुणी वर तोंड करून बोललं न्हवतं," ती म्हणाली. "तू माझी मान खाली घातलीस." त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

परभणीत मला लगेच ॲडमिट करून घेतलं. तिथं कुणी गोड बोलत नव्हतं. गर्दी होती, ओरडा होता. पण नंबर होता, आणि नंबर आला की माझं नाव घेऊन बोलवत होते. नवव्या महिन्यात सिझर झालं. मुलगी. रडली.

तिसऱ्या दिवशी माय आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. पोरीला हात लावला नाही.

"तवा मीच म्हणलं ना, थांबंल म्हणून."

नाही माय, तुझा दोष नाही, असं मी म्हणावं अशी तिची आशा होती. मला ते दिसत होतं. मी म्हणाले नाही.

मायवरचा माझा राग गेला, असं खोटं लिहिणार नाही. पण त्या रागाचं मूळ कुठं आहे ते मला आता कळतं. पोटाला घास देऊन जे माणसाला असं बांधतात, की माणूस आपल्या हातानं आपल्याच लेकराला सगळ्यांच्या शेवटी बसवतो, त्यांचा एकही उपकार माझ्या घरात येणार नाही. माझ्या पोरीला पहिला धडा हाच.

माझी मुलगी आता अंगणवाडीत जाते. आमच्या वस्तीतल्या बाया तिसऱ्या महिन्यातच परभणीला नाव नोंदवतात आणि कागद स्वतःच्या पिशवीत ठेवतात. कुठं कुणाचे कागद अडवले तर मला फोन येतो. मी कोरे कागद घेऊन जाते, आणि पोच घेऊनच परत येते.