आत्याची जेवणारी माती

आमची आत्या दरवर्षी पेरणी आटोपली की जुन्या सुती लुगड्याचा हातभर तुकडा वावरात पुरायची. तान्ह्या पोळ्याला सगळं अल्लीपूर लाकडी नंदी मिरवणाऱ्या पोरांमागे असायचं आणि ही बाई तो कपडा उकरत बसलेली. चिंध्या निघाल्या की खूश. "जेवली बाप्पा पोटभर," म्हणायची. एकदा मी मुद्दाम टेरिकॉटचा तुकडा दिला, तर म्हणाली, "त्याले मातीबी तोंड लावत नाई."

लहान वयात विधवा होऊन ती माहेरी आली आणि वाट्याच्या दोन एकरांत रमली. पालापाचोळा, काडीकचरा, काही म्हणून जाळू द्यायची नाही. "आपण झाडाले खाऊ घालतो का? आपण या किड्याइले, गांडुळाइले घालतो. तेच पुढं झाडाले वाढतेत." मी शेतकीची पदविका घेतली, तेव्हा पुस्तकात हेच जिवाणू, बुरशी, नत्र अशा भारदस्त शब्दांत होतं. तरी मला तिचं हसूच यायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यात ती टायफॉइडने सेवाग्रामला दवाखान्यात पडली आणि वावर माझ्या हाती आलं. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, वाळवी दिसली. शिकलेला माणूस मी! दाणेदार औषध हात सैल सोडून फेकलं, तेही दोनदा. सऱ्यांमध्ये गांडुळं वर येऊन मरून पडली. मी ती पायाने मातीत लोटली आणि कुणाला काही बोललो नाही.

तान्ह्या पोळ्याला आत्या काठी टेकत आलीच. आजारी पडण्याआधी तिने पुरलेला कपडा मी उकरला. मातीने माखलेला, पण अख्खा, काठसुद्धा शाबूत. ती बराच वेळ तो चाचपत राहिली.

"काऊन नाई जेवली रे?"

मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मले इचारायचं होतं ना बापू," एवढंच बोलली आणि घराकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून ती धुऱ्यावरच्या, म्हणजे औषध न पोचलेल्या बांधावरच्या बाभळीखालची माती टोपल्याने आणून वावरात मुठीमुठीने टाकू लागली. "इरजण लावून राह्यली," म्हणायची. मी टोपलं घ्यायला गेलो तर देत नसे. पुढे मुकाट्याने देऊ लागली, तेव्हा तिची ताकद सरल्याचं मला कळलं. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. माती बरी झालेली तिने पाहिली नाही, आणि त्या मातीला मारलं होतं मी.

तिच्यामागे दोन पावसाळे मी टोपली टाकत राहिलो. तिसऱ्या वर्षी पऱ्हाटीच्या ओळींतून डवऱ्याने कोळपताना ओल्या ढेकळातून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं.

"आत्या, ये ना, पाह्य!" मी मोठ्याने हाक मारली.

शेजारच्या वावरातल्या बाया तण निंदता निंदता थांबल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.