मांडवातलं वाचन

लातुरात आमचं एकच ज्यू घर. बाबांच्या नोकरीपायी कोकण सोडून आलेलो. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि इथं पुरुष म्हणाल तर एकटे बाबा. मग दर शनिवारी, शब्बाथला, ते तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग मराठीतून वाचायचे, आई आणि मी ऐकायचो.

सुक्कोथच्या सणाला अंगणात उघड्या आकाशाखालीच मांडव घालून त्यातच जेवायचं, निजायचं. पूर्वज वाळवंटात बेघर होते, त्याची ही आठवण. शेजारी थट्टा करायचे, पक्कं घर सोडून फांद्यांखाली कसला हो सण? त्या शिंदीच्या फांद्या आमची भाजीवाली मावशी किल्लारीकडच्या आपल्या गावाहून आणायची. त्या वर्षीही तिनं भारा आणून टाकला. आईनं तिला रात्री जेवायला थांब म्हटलं.

"आज गणपती बोळवायचा हाय, बाई. उंद्या येते की," म्हणाली आणि एस्टीनं गेली.

त्याच रात्री, पहाटे पहाटे भूकंप झाला. मांडव नुसता डुलला, घराच्या भिंती मात्र तडकल्या. सणाच्या दिवशी वाहनात बसायचं नसतं, तरी बाबा मदतीच्या ट्रकमधून गेले, ते अंधार पडल्यावर परतले. मावशीच्या घराचं दगडामातीचं माळवद तिच्याच अंगावर बसलं होतं. हात धरून ठेवायला हवं होतं तिला, एवढंच आई म्हणत राहिली. अख्खी गल्ली आमच्या मांडवाशेजारी उघड्यावर निजू लागली. थट्टा कुणी केली नाही.

सणाच्या शेवटी सिम्हाथ तोरा येतो. त्या दिवशी तोराचा शेवट वाचायचा आणि न थांबता पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करायची. बाबांनी शेवटचा, मोशेचा मृत्यू वाचला आणि पुस्तक मिटलं.

"देवानं जग केलं, पाहिलं, आणि ते चांगलं होतं म्हणे. हे मी वाचणार नाही."

मी घाबरले. वाचन तुटलं, तर या गावात आमचं असं उरणार तरी काय? तेवढ्यात आईनं पुस्तक ओढून घेतलं. आयुष्यात कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं तिनं, ती अडखळत वाचू लागली. उजेड, पाणी, झाडं, सगळं वाचलं. 'चांगलं' तेवढं दर वेळी गाळलं. बाबांनी आमेन म्हटलं.

आता आईबाबा दोघंही नाहीत, माझी मुलं इस्रायलला. अंगणात भाड्याच्या खोल्या बांधल्यात. क्लासची पोरं तिथं वर्षभर तेच ते धडे घोकतात. आमचंही तेच म्हणा. मांडवाला आकाश उरलं नाही. सिम्हाथ तोराला मी शेवट वाचते, सुरुवात वाचते. आईचा शब्द आईसारखाच गाळते. आमेन म्हणायला कुणी नसतं.